टेबलावरचा संगणक आणि मांडीवरचा संगणक

नागपूरचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. मे महिन्याच्या अखेरीस नवतपा सुरू झाला, की दुपारच्या वेळी सीताबर्डीच्या भर बाजारातली वर्दळदेखील ओसरते. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस इतक्या तापमानाची नोंद झाली होती. अशा दिवसांत माणसे डोक्याला दुपट्टा गुंडाळून बाहेर पडतात, खिशात कांदा ठेवतात, घरी आल्यावर कैरीचे पन्हे पितात आणि कूलरसमोर बसून राहतात. परंतु याच घरात आणखी एक रहिवासी असा असतो, की ज्याला या उन्हाचा ताप माणसाइतकाच होतो, मात्र त्याला तो बोलून दाखविता येत नाही. तो म्हणजे संगणक.

विदर्भातील शाळा उन्हामुळे इतर महाराष्ट्राच्या मागाहून, जून महिना सरता सरता उघडतात. नव्या वर्षाच्या या तोंडावरच पुष्कळ घरांत संगणक घेण्याचा विचार निघतो. घरातील मोठी मुलगी अभियांत्रिकीला जाणार असते, धाकट्याला चित्रे काढण्याची व चित्रफिती जोडण्याची हौस असते, आणि वडिलांनी वर्षभर बाजूला टाकलेली रक्कम एकदाच खर्च व्हावयाची असते. दुकानदार दोन यंत्रे पुढे ठेवतो. एक टेबलावर बसविण्याचे, म्हणजे डेस्कटॉप. दुसरे मांडीवर घेऊन काम करता येईल असे, म्हणजे लॅपटॉप. दोन्हींवर एकच नाव झळकत असते : ‘कोअर आय-७’. नाव एक, तर शक्तीही एकच असणार, असे समजून घरची मंडळी सुटसुटीत दिसणारा लॅपटॉप उचलतात. पुढे मुलगी यंत्राचे मोठे आराखडे काढू लागते, तेव्हा तो तापतो, घोंघावतो आणि रेंगाळतो. मग दोष कोणाला द्यावा, हे कोणालाच कळत नाही.

या घोटाळ्याचे मूळ समजून घ्यावयाचे, तर आधी प्रोसेसर म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. संगणकातील सारी गणिते आणि सारे निर्णय ज्या एका लहानशा चौकोनी तुकड्यात होतात, त्याला प्रोसेसर म्हणतात. १९७१ साली ‘इंटेल’ या अमेरिकन कंपनीने ४००४ या क्रमांकाचा असा तुकडा विक्रीस आणला. त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा प्रवाह चालू-बंद करणारी अतिसूक्ष्म कळ. २०२० साली ‘ॲपल’ कंपनीने काढलेल्या ‘एम-१’ या प्रोसेसरमध्ये अशा कळा १६०० कोटी होत्या, आणि तरीही तो तुमच्या तळहातावर सहज मावला असता.

प्रोसेसरचे काम ठराविक ठेक्यावर चालते. हा ठेका मोजण्याचे माप म्हणजे गिगाहर्ट्‌झ. एक गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. ज्याचा ठेका जलद, तो प्रोसेसर अधिक वेगवान, असे सहजच वाटते. पण ते अर्धेच खरे आहे. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या दिवसांत ट्रक भरण्याचे काम चालते, ते डोळ्यांसमोर आणा. ट्रक किती लवकर भरेल? हमाल किती भराभर खेपा घालतो, यावर ते अवलंबून आहेच. परंतु एका खेपेत तो किती संत्री उचलतो, हमाल एकूण किती आहेत, आणि संत्र्यांचा ढीग ट्रकाजवळ आहे की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, याही गोष्टींना तेवढेच महत्त्व आहे. प्रोसेसरमध्ये खेपांची गती म्हणजे गिगाहर्ट्‌झ. एका ठोक्यात उरकणारे काम म्हणजे खेपेतील भार. हमालांची संख्या म्हणजे ‘कोअर’, अर्थात एकाच तुकड्यात शेजारी शेजारी बसविलेली स्वतंत्र गणनाकेंद्रे. आणि जवळचा ढीग म्हणजे ‘कॅश’ नावाची हाताशी असलेली स्मृती. केवळ गिगाहर्ट्‌झचा आकडा पाहून दोन यंत्रांची तुलना करणे म्हणजे हमालाच्या चालीवरून ट्रक केव्हा भरेल ते सांगण्यासारखे आहे.

आता त्या दोन यंत्रांकडे वळू. २०२२ साली बाजारात आलेला ‘कोअर आय-७ १२७००’ हा डेस्कटॉपचा प्रोसेसर घ्या आणि त्याच वर्षाचा, त्याच पिढीचा ‘कोअर आय-७ १२५५ यू’ हा लॅपटॉपचा प्रोसेसर घ्या. पहिल्याचा सर्वाधिक ठेका ४.९ गिगाहर्ट्‌झ, तर दुसऱ्याचा ४.७. म्हणजे एकाचे सेकंदाला ४९० कोटी ठोके आणि दुसऱ्याचे ४७०. एवढ्याशा फरकाला कोण भीक घालील? परंतु आणखी जरा आत डोकवा. पहिल्यात बारा कोअर आहेत, त्यांपैकी आठ दणकट आणि चार काटकसरी. दुसऱ्यात दहा कोअर आहेत, पण त्यांतील दणकट फक्त दोन, उरलेले आठ काटकसरी. हाताशी असलेली मोठी कॅश-स्मृती पहिल्यात २५ मेगाबाइट आहे, दुसऱ्यात १२. आणि सर्वांत बोलका आकडा पुढेच आहे. सतत काम करीत असताना किती वीज वापरावी म्हणून कंपनीने जे मूळ प्रमाण ठरविले आहे, ते पहिल्यासाठी ६५ वॉट आहे आणि दुसऱ्यासाठी १५ वॉट. घाईच्या कामासाठी थोडा वेळ पहिला १८० वॉटपर्यंत चढू शकतो, दुसरा ५५ वॉटपर्यंत. नाव आणि ठेका जवळजवळ सारखा, पण खुराकात मात्र चौपट अंतर! दुकानातील पाटीवर हा आकडा बहुधा लिहिलेला नसतो. माझ्या मते तो सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिला पाहिजे.

लॅपटॉपला इतकी कमी वीज का देतात? कोणी म्हणेल, बॅटरी लवकर संपू नये म्हणून. ते आहेच. पण लॅपटॉप भिंतीतील विजेवर चालत असतानाही हे बंधन सुटत नाही. कारण खरी अडचण वीज आत आणण्याची नसून उष्णता बाहेर काढण्याची आहे. प्रोसेसर जितकी वीज घेतो, तितकी जवळजवळ सारीच उष्णता होऊन बाहेर पडते. कंदिलाची वात जसा उजेड देते, पंखा जशी हवा हलवितो, तसे दृश्य कार्य प्रोसेसर करीत नाही. त्याचे कार्य गणिताचे, आणि गणिताला वजन नसते. नखाएवढ्या तुकड्यात ६५ वॉटची उष्णता सतत निर्माण होत राहिली आणि ती तेथेच साठली, तर तो तुकडा काही क्षणांतच जळून जाईल.

म्हणून डेस्कटॉपमध्ये प्रोसेसरच्या माथ्यावर धातूच्या पातळ पात्यांचा एक जुडगा बसविलेला असतो आणि त्यावर पंखा असतो. कपातला चहा बशीत ओतला म्हणजे लवकर निवतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढला, की उष्णता लवकर निघून जाते. त्या पात्यांचे काम बशीचेच आहे. डेस्कटॉपच्या पेटीत जागा भरपूर असल्यामुळे बशी मोठी ठेवता येते. लॅपटॉपची जाडी जेमतेम वहीएवढी. त्यात बशी लहान, पंखा बारीक आणि हवा जाण्यायेण्याच्या फटी अरुंद. त्यातच तो गादीवर ठेवून कोणी काम करू लागला, तर खालच्या फटीही बुजून जातात.

प्रोसेसर स्वतः मात्र मूर्ख नसतो. त्याच्या अंगातच तापमापक असतात. तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या मर्यादेला भिडले, की तो आपला ठेका आपणच कमी करतो. ठेका कमी झाला, की वीज कमी लागते, उष्णता कमी होते आणि जीव वाचतो. भर उन्हात नांगरणारा बैल धापा टाकू लागला म्हणजे पावले हळू टाकतो, तसेच हे आहे. लॅपटॉप विकत घेताना दिसलेला ४.७ गिगाहर्ट्‌झचा ठेका हा त्या बैलाच्या पहाटेच्या पहिल्या तासाचा वेग असतो. दुपारी किती नांगरून होईल, ते पाटीवर लिहिलेले नसते.

येथे नागपूरच्या उन्हाचा संबंध येतो, आणि त्याचे गणित सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. तापलेल्या वस्तूतून हवेत जाणारी उष्णता ही त्या वस्तूच्या व हवेच्या तापमानांतील फरकाच्या साधारण प्रमाणात असते. प्रोसेसरची मर्यादा १०० अंश धरा. खोली २५ अंशांवर असेल, तर फरक ७५ अंशांचा. वरच्या मजल्यावरची, स्लॅब तापलेली खोली मे महिन्यात ४० अंशांवर गेली, तर फरक ६० अंशांचा. साठ भागिले पंचाहत्तर म्हणजे चारपंचमांश. याचा अर्थ असा, की जे यंत्र हिवाळ्यात आपल्या अंगातून १५ वॉट उष्णता बाहेर टाकू शकत होते, तेच यंत्र, तोच पंखा फिरत असूनही, उन्हाळ्यात १२ वॉटच टाकू शकते. डेस्कटॉपलाही हा नियम चुकत नाही. परंतु त्याची बशी मोठी असल्याने त्याच्याजवळ शिल्लक असते, आणि लॅपटॉप आधीच काठावर उभा असतो. म्हणूनच अनेक कंपन्या आपले लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावेत, अशी सूचना छापतात. नागपुरातील किती खोल्या एप्रिल-मे महिन्यांत या सूचनेत बसतात, ते ज्याचे त्याने पाहावे.

पंख्याविषयीही एक गैरसमज आढळतो. लॅपटॉप तापला, की मुले टेबलपंखा त्याच्याकडे वळवितात. पंख्याने आपल्याला गार वाटते, ते मुख्यतः घामाचे बाष्पीभवन होऊन अंगातील उष्णता जाते म्हणून. यंत्राला घाम येत नाही. पंखा हवा फक्त हलवितो. त्यामुळे उष्णता लवकर निघते खरी, परंतु यंत्र हवेपेक्षा थंड कधीच होत नाही. कूलरची गोष्ट वेगळी. तो पाण्याच्या बाष्पीभवनाने हवेलाच थंड करतो, आणि विदर्भातील कोरड्या हवेत तो उत्तम काम देतो. खोली थंड झाली, की संगणकालाही आराम पडतो. फक्त त्याला कूलरच्या तोंडाशी, दमट झोतात ठेवू नये.

इतके वाचल्यावर कोणास वाटेल, की चौपट कमी वीज घेणारा प्रोसेसर कामही चौपट कमी करीत असेल. तसे नाही, आणि याचे कारण मोठे गमतीचे आहे. ठेका वाढवावयाचा, तर विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवावा लागतो. लागणारी शक्ती मात्र ठेक्याच्या प्रमाणात आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठेका वीस टक्के वाढविला आणि त्यासाठी दाबही वीस टक्के वाढवावा लागला, असे धरा. १.२ गुणिले १.२ गुणिले १.२ किती होतात? १.७२८. म्हणजे वीस टक्के अधिक वेगासाठी जवळजवळ पावणेदोन पट वीज खर्ची पडली. उलट बाजूने पाहिले, तर वीज निम्म्यावर आणली तरी वेग सुमारे चारपंचमांश उरतो. लॅपटॉप याच सवलतीवर जगतो. डेस्कटॉप शेवटच्या थोड्या वेगासाठी पाण्यासारखी वीज ओततो, लॅपटॉप तो शेवटचा हव्यास सोडून देतो.

एकेकाळी या हव्यासाचा कडेलोट झाला होता. २००४ साली ‘पेंटियम ४’ हा डेस्कटॉपचा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोचला. पुढचा टप्पा ४ गिगाहर्ट्‌झचा होता, परंतु उष्णता आवरेना, आणि इंटेलने तो बेत त्याच वर्षी सोडून दिला. त्या आधी, २००३ साली, इस्राएलमधील हैफा येथील त्यांच्या अभियंत्यांनी लॅपटॉपसाठी ‘पेंटियम एम’ नावाचा प्रोसेसर तयार केला होता. त्याचा ठेका संथ, पण एकेका ठोक्यात तो अधिक काम करी. विजेची चणचण असल्यामुळे त्याच्या कर्त्यांना काटकसरीने विचार करणे भाग पडले होते. २००६ साली डेस्कटॉपसाठी जी ‘कोअर’ नावाची नवी पिढी आली, तिची रचना या लॅपटॉपच्या घराण्यातून निघाली. धाकट्याची युक्ती थोरल्याने उचलली, असा हा प्रकार आहे.

दोन्ही प्रकारच्या यंत्रांची तुलना करण्याची सर्वांत निर्मळ संधी नोव्हेंबर २०२० मध्ये मिळाली. ॲपलने ‘एम-१’ हा एकच प्रोसेसर तीन यंत्रांत बसविला. पंखा नसलेला लॅपटॉप ‘मॅकबुक एअर’, पंखा असलेला लॅपटॉप ‘मॅकबुक प्रो’ आणि टेबलावर ठेवण्याची लहान पेटी ‘मॅक मिनी’. मेंदू एकच, फक्त घरे निराळी. लहान कामांत तिन्ही यंत्रे जवळजवळ बरोबरीने धावली. परंतु मोठी चित्रफीत तयार करण्यासारखे काही मिनिटे सतत चालणारे काम दिले, तेव्हा पंखा नसलेले यंत्र हळूहळू मागे पडले आणि उरलेली दोन आपला वेग टिकवून राहिली. प्रोसेसरची शक्ती त्याच्या नावात नसून तो ज्या घरात राहतो त्या घरातही असते, हे त्या वेळी अनेकांच्या ध्यानात आले.

कोअरची संख्या वाढविल्याने काय साधते, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर लग्नघरच्या स्वयंपाकात मिळते. पाचशे पानांसाठी वांगी चिरावयाची असतील, तर एकाऐवजी दहा माणसे बसविली म्हणजे काम दहापट लवकर उरकते. पण भात शिजावयास अर्धा तास लागत असेल, तर चुलीभोवती दहा आचारी उभे केल्याने तो तीन मिनिटांत शिजत नाही. संगणकाची काही कामे वांगी चिरण्यासारखी वाटून घेता येतात, काही भातासारखी असतात. निबंध लिहिणे, पत्र पाठविणे, माहिती शोधणे यांसाठी दोन दणकट कोअर पुरे होतात. चित्रफिती जोडणे, त्रिमिती आराखडे रेखाटणे या कामांना आठ मिळाले तर आठही कामास लागतात.

पुष्कळ हातांनी मोठे काम उचलण्याची ही कल्पना आपल्या देशात किती दूरवर नेली गेली, ते येथे सांगितलेच पाहिजे. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेल्या विजय भटकर यांनी नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६५ साली पदवी घेतली. हेच महाविद्यालय आज विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. पुढे अमेरिकेने आपला अधिक शक्तिशाली महासंगणक भारताला देण्याचे नाकारले, तेव्हा १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि तिचे नेतृत्व भटकरांकडे आले. जगातील सर्वांत वेगवान असा एकच प्रोसेसर घडविण्याच्या मागे ते लागले नाहीत. बाजारात मिळणारे ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे प्रोसेसर मोठ्या संख्येने एकत्र जोडून, काम त्यांच्यात वाटून देण्याची रीत त्यांच्या चमूने बसविली. १९९१ साली ‘परम ८०००’ हा भारताचा महासंगणक उभा राहिला, तो याच मार्गाने.

तुलना करावयाची तर ती नीट झाली पाहिजे. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखविले आणि देशभर खळबळ उडाली. मागाहून हवामान खात्याने तपास केला, तेव्हा त्या केंद्राचा संवेदकच बिघडला असल्याचे आढळले. माप घेण्याचे साधन व माप घेण्याची पद्धत बिनचूक नसेल, तर आकडा कितीही ठळक असला तरी त्याला किंमत नाही. दोन संगणकांना एकच काम द्यावे, एकाच खोलीत द्यावे, आणि लॅपटॉप विजेला जोडलेला असावा, कारण बॅटरीवर असताना अनेक लॅपटॉप आपला वेग आपणच आवरतात. काम एकदाच करवून थांबू नये. ‘सिनेबेंच’ नावाची प्रोसेसरची एक प्रसिद्ध चाचणी आहे. तिच्या २०२० सालच्या आवृत्तीपासून ती एरवी निदान दहा मिनिटे सतत चालविली जाते, कारण त्याहून लहान चाचणीत लॅपटॉपला दम लागण्याआधीच शर्यत संपत असे. शाळेच्या संगणककक्षात तुम्हांलाही असा प्रयोग करता येईल. एखादा मोठा फोल्डर दाबून लहान करण्याचे काम ओळीने दहा वेळा करावे आणि प्रत्येक वेळी लागलेले सेकंद वहीत मांडावेत. डेस्कटॉपची रेघ बहुधा सपाट येईल. लॅपटॉपची तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून वर चढू लागली, तर नवल मानू नये.

मग लॅपटॉप घेऊच नये काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०० वॉट घेणारा डेस्कटॉप पाच तासांत विजेचे एक युनिट संपवितो, ४० वॉटच्या लॅपटॉपला ते पंचवीस तास पुरते. गडचिरोलीच्या आश्रमशाळेत किंवा मेळघाटातील पाड्यावर, जेथे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेथे सर्वांत वेगवान डेस्कटॉपही वीज जाताच काळ्या पाटीसारखा निपचित पडतो. लॅपटॉप मात्र आपल्या बॅटरीवर काम पुरे करतो. वसतिगृहात राहणाऱ्या, सुट्टीत गावी जाणाऱ्या विद्यार्थिनीला टेबलाएवढी पेटी एसटीतून कशी नेता येणार? उलट, ज्या शाळेला दहा यंत्रे एकाच खोलीत कायमची ठेवावयाची आहेत, तिने त्याच पैशात डेस्कटॉप घ्यावेत. त्यांचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, पंख्यातील धूळ झाडता येते, आणि पाच वर्षांनी स्मृती वाढविता येते. बहुतेक बारीक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर पायाशीच डाखलेला असतो, तो कधीच बदलता येत नाही.

आणि धुळीची गोष्ट निघालीच आहे, तर एवढे करावे. उन्हाळ्यापूर्वी, मार्च महिन्यात, जेव्हा घरोघरी कूलर पुसून त्यात नवे वाळे भरतात, त्याच दिवशी संगणक बंद करून, विजेची तार काढून, त्याच्या जाळ्या मऊ कुंचल्याने झाडून घ्याव्यात. वर्षभराची धूळ त्या पात्यांवर गोधडीसारखी बसलेली असते.